न हललेला आकडा: इंग्लंड-वेल्समधल्या डाउन सिंड्रोम नोंदवहीचं एक प्रकरण

१९८९-९० मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये डाउन सिंड्रोम, म्हणजे पेशींत एक गुणसूत्र जादा असण्याची जन्मजात अवस्था, असलेली वर्षाला अंदाजे ७५२ बाळं जन्माला आली. २००७-०८ मध्ये ७४३. हजार जन्मांमागे हिशेब केला तर आधी १.१० आणि नंतर १.०८. बाळांच्या संख्येतला फरक एका टक्क्याचा. सरकारी अहवालात असे दोन आकडे शेजारी छापलेले दिसले तर बहुतेक जण पान उलटतील, कारण त्यात काही घडलेलंच दिसत नाही.

प्रत्यक्षात त्या काळात दोन मोठे बदल झाले होते. ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढत होते आणि ताकद योगायोगाने जवळजवळ सारखी होती. जमाखर्चाच्या वहीत वर्षाअखेर शिल्लक तेवढीच निघाली म्हणून उलाढाल झालीच नाही असं कुणी म्हणत नाही. जन्मांच्या आकड्यांबाबत मात्र लोक नेमकं तेच म्हणतात, आणि इथे तर आकडा थोडा वर गेलेला दिसताच भलतंच कारण चिकटवूनही मोकळे झाले. ही उलाढाल कुणी आणि कशी टिपली, ती टिपताना काय सुटलं आणि तिचा चुकीचा अर्थ कसा लावला गेला, याचं हे प्रकरण.

मोजायचं कुठे उभं राहून?

गरोदरपणी घेतल्याने बाळांत व्यंगं आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या शोकांतिकेनंतर १९६४ साली इंग्लंड-वेल्समध्ये जन्मजात व्यंगांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. हेतू चोख होता: पुन्हा एखाद्या औषधाने असा घात केला तर तो वेळीच लक्षात यावा. पण कळवणं ऐच्छिक होतं. ज्या भागातली मंडळी दक्ष, तिथून नोंदी येत. बाकी ठिकाणच्या नोंदी गळत. शिवाय ही नोंद जन्मलेल्या बाळांची, जिवंत असोत वा मृत. डाउन सिंड्रोमच्या बाबतीत ही पद्धत दोन्हीकडून तोकडी पडत होती. बाळाच्या चेहऱ्यावरून आणि सैल स्नायूंवरून डॉक्टरांना शंका येते, पण खात्री गुणसूत्रांची तपासणी झाल्यावरच होते, आणि तोवर कळवण्याचा कागद एक तर जाऊन चुकलेला असतो किंवा कुणाच्या टेबलावर पडलेला. दुसरं म्हणजे, जी गर्भारपणं निदानानंतर थांबवली गेली त्यांचा या वहीत मागमूसच नसे.

१९८९ च्या १ जानेवारीपासून जी नवी नोंदवही सुरू झाली तिने उभं राहण्याची जागाच बदलली. नॅशनल डाउन सिंड्रोम सायटोजेनेटिक रजिस्टर असं तिचं नाव. लंडनमधल्या एव्हा आल्बरमन आणि डेव्हिड मटन यांनी ती उभी केली, पुढे जोन मॉरिस यांनी चालवली. प्रसूतिगृहांच्या मागे लागण्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळा गाठल्या.

ही निवड किती अचूक होती हे समजायला थोडं जीवशास्त्र लागतं. १८६६ मध्ये जॉन लँगडन डाउन यांनी या अवस्थेचं वर्णन केलं, पण कारण कळायला १९५९ साल उजाडलं: पेशीत २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन. जवळपास ९५ टक्के लोकांमध्ये सुटं तिसरं गुणसूत्र असतं, थोड्यांमध्ये ते दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेलं, तर अगदी मोजक्यांमध्ये काही पेशींत जादा आणि काहींत नेहमीसारखं. प्रकार कोणताही असो, निदानावर शिक्का मारायचा तर नमुना सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे गुणसूत्रं तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत जाणारच. गर्भजलाचा असो, वारेच्या तुकड्याचा असो की नवजात बाळाच्या रक्ताचा, वाट तीच. प्रसूतिगृहं शेकड्यांनी, पण अशा प्रयोगशाळा मोजक्याच. या अरुंद तोंडाशी बसलं की जन्माआधीचं आणि जन्मानंतरचं, दोन्ही निदान एकाच वहीत येतं.

प्रत्येक निदानामागे एक अर्ज. त्यात आईचं वय, तपासणी का मागवली, गर्भ किती आठवड्यांचा, नमुना कसला, गुणसूत्रांचा निकाल काय आणि पुढे त्या गर्भारपणाचं काय झालं. नाव नाही. संमतीशिवाय अशी माहिती गोळा करायला कायद्याखाली खास परवानगी घ्यावी लागते, ती घेतलेली होती.

वरवर पाहता हे सगळं सोपं. कष्ट अर्जाच्या शेवटच्या रकान्यात होते. प्रयोगशाळेला गुणसूत्रं दिसतात, बाई दिसत नाही. निकाल पाठवल्यावर पुढे काय झालं हे तिला कळण्याचं काही कारणच नाही. मग नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरकडे विचारणा, उत्तर न आल्यास पुन्हा विचारणा. काही गर्भारपणांचा शेवट कधीच कळला नाही. तिथे माहीत असलेल्यांच्या प्रमाणात अंदाज बांधला गेला. दुसरी कटकट दुबार नोंदींची. एकाच बाळाचं निदान आधी गर्भजलातून आणि जन्मानंतर खात्रीसाठी पुन्हा रक्तातून, कधी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत. नावाशिवाय हे दोन अर्ज एकाच बाळाचे आहेत हे ओळखायचं म्हणजे तारखा आणि वयं जुळवत बसणं. जन्म-मृत्यूच्या आकडेवारीत जे काही विश्वासार्ह असतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा असं चिवट कारकुनी काम असतं, आणि त्याला फारसं कुणी विचारत नाही.

या चिकाटीमुळे देशातल्या अशा निदानांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त या वहीत येत होती. १९८९ ते २००८ या काळातल्या निदानांची एकूण संख्या झाली २६,४८८.

सुरुवातीचा मुहूर्तही नेमका साधला. १९८८ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमधल्या निकोलस वॉल्ड यांच्या गटाने आईच्या रक्तातले तीन घटक आणि तिचं वय यांचा मेळ घालून गर्भात डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता काढण्याची पद्धत मांडली होती. ती सर्वदूर पसरायच्या आधी वही उघडली गेली. मोहीम राबवून झाल्यावर ‘आधी काय परिस्थिती होती बरं?’ असं शोधत बसण्याची वेळ आरोग्यखात्यांवर नेहमी येते. इथे ती आली नाही.

पहिला ओढा: आयांचं वय

आईचं वय आणि डाउन सिंड्रोम यांचं नातं लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, गुणसूत्रांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. विशीच्या सुरुवातीला आई झालेल्या स्त्रीच्या बाबतीत ही शक्यता साधारण दीड हजारात एक. तिशीला नऊशेत एक. पस्तिशीला साडेतीनशेत एकाच्या आसपास, चाळिशीला शंभरात एक आणि पंचेचाळिशीला तीसात एकाच्या घरात. रेघ आधी जेमतेम चढते आणि पस्तिशीनंतर एकदम उभी होते. पंचेचाळिशीच्या पुढे ती तशीच उभी चढत जाते असा जुना समज होता. याच नोंदवहीच्या आधारे मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की तिथे चढ मंदावतो. एरवी त्या वयाच्या आया इतक्या थोड्या की कुठल्याही एका शहराच्या आकड्यांवरून हे दिसलंच नसतं.

आता इंग्लंड-वेल्सचा समाज बघा. १९९० च्या सुमारास बाळंत होणाऱ्या दहा स्त्रियांत पस्तिशी ओलांडलेली एकही पूर्ण भरत नव्हती. प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास होतं. २००८ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोचलं, म्हणजे पाचात एक. शिक्षण, नोकरी, उशिरा लग्न, उशिरा घर ही सगळी कारणं ओळखीचीच आहेत. एकूण जन्मांची संख्या दोन्ही टोकांना जवळपास सारखी, सात लाखांच्या थोडी अलीकडे. म्हणजे बाळं तेवढीच, पण आया वयाने मोठ्या.

केवळ एवढंच घडलं असतं, चाचण्यांत काहीही बदललं नसतं आणि कुठलंही गर्भारपण थांबवलं गेलं नसतं, तर किती बाळं जन्मली असती? मॉरिस आणि आल्बरमन यांनी २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशेब छापला. १९८९-९० साठी ९५९, २००७-०८ साठी १,४२२. वाढ ४८ टक्क्यांची.

दुसरा ओढा: चाचण्या

गर्भजलपरीक्षा त्याआधीही होती. पण सुई पोटातून गर्भाशयात घालायची, तिच्यामुळे गर्भपात होण्याचा थोडा धोका, त्यामुळे ती सरसकट देणं शक्य नव्हतं. मग नियम वयाचा: अमुक वयाच्या वर असाल तर परीक्षा करून घ्या. यातली मेख अशी की धोका मोठ्या वयात जास्त असला तरी बहुसंख्य आया तरुण असतात, आणि थोडा धोका गुणिले पुष्कळ आया याचा गुणाकार मोठा येतो. वयाची चाळणी लावली की डाउन सिंड्रोम असलेली बरीच गर्भारपणं तिच्यातून निसटून जात.

रक्तचाचणीने हे बदललं. पुढे १९९२ मध्ये कायप्रॉस निकोलायडिस यांच्या गटाने सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागची द्रवाची जाडी मोजण्याची पद्धत मांडली. या जाडीचं माप, रक्तातले घटक आणि वय एकत्र करणारी पहिल्या तिमाहीतली चाचणी मग हळूहळू रुळली. ही निदान करत नाही, फक्त शक्यता सांगते. शक्यता जास्त निघाली तर गर्भजल किंवा वारेचा नमुना घ्यायचा की नाही हे बाईने ठरवायचं. २००१ मध्ये सरकारने वयाची अट न ठेवता सर्व गरोदर स्त्रियांना ही चाळणी देऊ करण्याचं धोरण जाहीर केलं.

नोंदवहीत हा बदल कसा उमटला, तो सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत बोलका तपशील वाटतो. सदतीस आणि त्यापुढच्या वयाच्या आयांमध्ये, डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भारपणांपैकी जन्माआधी निदान होण्याचं प्रमाण सगळा काळ सत्तर टक्क्यांवर स्थिर राहिलं. सदतीसच्या आतल्या आयांमध्ये ते तीन टक्क्यांवरून त्रेचाळीस टक्क्यांवर गेलं. चाचण्यांची सगळी क्रांती झाली ती तरुण आयांच्या बाजूला. मोठ्या वयाच्या गटात नव्या चाचण्यांनी प्रमाण वाढवलं नाही. फार तर तेवढीच निदानं कमी सुया टोचून झाली असतील. आयांचं वय अर्जावर नसतं तर हे दोन गट एकाच सरासरीत विरघळून गेले असते.

७१ आणि ४८ यांच्यामधली जागा

आता एक अवघड वळण. जन्माआधीची आणि नंतरची मिळून निदानं १,०७५ वरून १,८४३ वर गेली, म्हणजे ७१ टक्क्यांनी वाढली. पण वर म्हटलं की वयामुळे जन्म वाढले असते ते ४८ टक्क्यांनीच. मग उरलेली वाढ आली कुठून?

निसर्गातून, आणि घड्याळातून. डाउन सिंड्रोम असलेली बरीच गर्भारपणं आपोआप संपतात. वारेच्या तपासणीच्या वेळी, म्हणजे साधारण अकरा-बारा आठवड्यांना, जी चालू असतात त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश नऊ महिने पुरे करत नाहीत. गर्भजलपरीक्षेच्या वेळेपासून मोजलं तर सुमारे एक चतुर्थांश. आईचं वय वाढेल तसा हा गळतीचा भागही वाढतो. पूर्वी निदान जन्मानंतर होत असताना ही गळती कुणाच्या डोळ्यांसमोर येतच नव्हती. गर्भपात झाला, कारण अज्ञात, वहीत काही नाही. निदान जसजसं गर्भारपणाच्या आधीच्या आठवड्यांकडे सरकत गेलं, तसतशी ही न दिसणारी गर्भारपणंही मोजणीत येऊ लागली. म्हणजे ७१ टक्क्यांतला एक भाग खऱ्या वाढीचा आणि एक भाग आधी न दिसणारं आता दिसू लागल्याचा.

म्हणूनच ‘चाचण्या नसत्या तर किती जन्म झाले असते’ हे काढताना थांबवलेली सगळी गर्भारपणं जन्मांत सरळ मिळवता येत नाहीत. प्रत्येक निदानाला त्या आठवड्याला लागू असलेल्या टिकण्याच्या शक्यतेने गुणावं लागतं. ढोबळ वजाबाकी करून पाहा: २००७-०८ मध्ये १,८४३ निदानांतून ७४३ जन्म वजा केले की उरतात १,१००. चाचण्यांविना अपेक्षित १,४२२ मधून तेच ७४३ वजा केले की ६७९. म्हणजे जन्मापर्यंत न पोचलेल्या दर शंभर निदानांमागे जवळपास ६२ जन्म धरले गेले. ही माझी कच्ची वजाबाकी आहे आणि उरलेल्या १,१०० मध्ये मृतजन्म आणि नैसर्गिक गर्भपातही येतात, पण अंदाज यावा एवढी ती पुरेशी आहे. जो कुणी १,१०० च्या १,१०० मिळवून १,८४३ ‘बाळं’ असा आकडा सांगेल, तो निसर्गाने केलेली गळती विसरलेला असतो.

याच कारणाने डाउन सिंड्रोमचं खरंखुरं मूळ प्रमाण, म्हणजे गर्भधारणेच्या क्षणी असणारं, कुठल्याही नोंदवहीत सापडणार नाही. कितीतरी गर्भ पाळी चुकल्याचं लक्षात यायच्या आधीच गळून जातात. जे मोजता येतं ते जन्मवेळचं प्रमाण आणि त्याच्या जरा आधीचं, निदानाच्या वेळचं प्रमाण, एवढंच.

नोव्हेंबर २००८: तीच वही, भलता अर्थ

नोंदवहीचे आकडे वर्षानुवर्षं तज्ज्ञांच्या वर्तुळात फिरत होते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ते एकदम घराघरांत पोचले. बीबीसीच्या रेडिओ ४ वरच्या एका कार्यक्रमात मांडणी अशी होती: चाचण्या पसरण्याआधी १९८९ मध्ये डाउन सिंड्रोमची बाळं सातशेच्या थोडी वर, मग शतकाच्या वळणावर ती सहाशेच्या आसपास उतरली आणि २००६ पर्यंत पुन्हा साडेसातशेच्या घरात. म्हणजे चाचण्या असूनही बाळं वाढली. का? तर समाज अधिक स्वीकारशील झाला, आईवडील आता असं बाळ ठेवायचं ठरवतात. पालकांच्या एका सर्वेक्षणाचा त्याला दुजोरा होता. वर्तमानपत्रांनी ही कहाणी उचलून धरली, आणि का धरू नये? कानाला गोड लागणारी होती.

सर्वेक्षणातल्या पालकांनी सांगितलेलं खोटं होतं असं मुळीच नाही. ज्यांनी निदानानंतरही गर्भारपण चालू ठेवलं त्यांची कारणं खरीच होती. प्रश्न एवढाच की जन्मांच्या आकड्यातला चढ त्या कारणांनी झाला का. उत्तर त्याच वहीच्या दुसऱ्या रकान्यात पडलेलं होतं. जन्माआधी निदान झाल्यावर गर्भारपण थांबवण्याचं प्रमाण १९८९ पासून २००८ पर्यंत ९२ टक्क्यांच्या आसपास स्थिर होतं. निर्णय बदललेला दिसत नव्हता. बदललं होतं ते आयांचं वय.

मधल्या उताराची गोष्ट तर आणखी साधी आहे आणि ती कुणी तपासलीही नाही याचं मला नवल वाटतं. इंग्लंड-वेल्समधले एकूण जिवंत जन्म १९८९ मध्ये ६,८७,७२५ होते. २००१ मध्ये ते ५,९४,६३४ पर्यंत घसरले, म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त. २००६ मध्ये पुन्हा ६,६९,६०१. शतकाच्या वळणावर सगळीच बाळं कमी जन्मली होती! हजारामागे काढलं की ती नाट्यमय दरी जवळपास बुजते आणि रेघ हजारी एकाच्या जरा वर-खाली खेळत राहते. छेद न पाहता अंश वाचण्याची ही चूक शाळेतल्या अपूर्णांकांइतकी जुनी आहे.

त्या वादानंतर वर्षभरात २००९ चा तो लेख आला आणि दोन्ही ओढे सुटे करून दाखवले गेले. पण बातमी एकदा पसरली की तिच्यामागून निघालेला हिशेब तिला कधी गाठत नाही.

त्या ९२ टक्क्यांचंही एक दुर्दैव आहे. हा आकडा तेव्हापासून फिरतो आहे तो बहुतेक वेळा ‘९२ टक्के स्त्रिया असं गर्भारपण थांबवतात’ या रूपात. तसं नाही. छेदात आहेत फक्त त्या स्त्रिया ज्यांचं निदान जन्माआधी पक्कं झालं. २००७-०८ मध्येही डाउन सिंड्रोमच्या सगळ्या निदानांपैकी अशी साधारण साठ टक्केच होती. बाकीच्या स्त्रियांपैकी कुणी चाळणीच नाकारली, कुणाच्या चाळणीने शक्यता कमी दाखवली, तर कुणाला शक्यता जास्त असल्याचं कळूनही सुई नको होती. ज्यांना काही झालं तरी बाळ हवंच होतं त्यातल्या कित्येकजणी निदानापर्यंत गेल्याच नसणार. म्हणजे छेदात आलेला गट मुळातच निवडून आलेला आहे. चाचणी स्वीकारलेल्यांचं मत सगळ्या स्त्रियांच्या नावावर खपवणं हे बाजूच्या आणि विरोधातल्या दोन्ही कार्यकर्त्यांना सोयीचं पडतं, म्हणून ते थांबत नाही.

दोन सरकारी वह्या जुळेनात

पुढे आणखी एक पेच निघाला. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्याप्रमाणे प्रत्येक गर्भपाताची सूचना डॉक्टरने चौदा दिवसांत मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायची असते आणि कारण नोंदवायचं असतं. म्हणजे डाउन सिंड्रोमच्या कारणाने झालेल्या गर्भपातांची संख्या दोन ठिकाणी असायला हवी: या सूचनांत आणि प्रयोगशाळांच्या नोंदवहीत. संख्या पडताळल्या तर आरोग्यखात्याकडची नोंदवहीच्या जेमतेम निम्मी. खात्याने नोंदी एकमेकींशी जुळवून पाहिल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. जुळल्या त्या सुमारे निम्म्याच.

काहींना यात लपवाछपवी दिसली. जास्त साधं कारण कामाच्या पद्धतीत आहे. काही अर्ज भरलेच जात नव्हते, काहींत कारण मोघम लिहिलेलं किंवा दुसरंच. निदान करणारा विभाग एक, प्रक्रिया करणारा दुसरा आणि अर्ज कुणी भरायचा यावर एकवाक्यता नाही. अहवालातल्या शिफारशीही सूचना पाठवण्याची शिस्त सुधारण्याबद्दलच होत्या. पण मोजणीच्या दृष्टीने धडा कठोर आहे. कायद्याने सक्तीची असलेली नोंद अपुरी निघाली आणि प्रयोगशाळांच्या तोंडाशी बसून माहिती मागणारी वही जवळजवळ पूर्ण. सक्तीपेक्षा मोजायची जागा आणि पाठपुरावा भारी ठरला.

हे कुणासाठी मोजायचं

हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि त्यात एक अविश्वास असतो: मोजतात ते कमी करण्यासाठीच ना? अविश्वास निराधार नाही. नोंदवहीचा जन्मच चाळणीच्या मोहिमेवर लक्ष ठेवण्यासाठी झाला होता. पण वर्षाला साडेसातशे जन्म म्हणजे रोज दोन बाळं. त्यांच्यातल्या चाळीस ते पन्नास टक्क्यांना हृदयाचा जन्मदोष असतो, म्हणजे लहान मुलांच्या हृदयशल्यचिकित्सेच्या यादीत वर्षाला किती नावं येतील याचा अंदाज या आकड्यातून निघतो. थायरॉइडच्या आणि कानांच्या तपासण्या, वाचा-उपचार, शाळेतली मदत यांचंही तसंच.

आणि आता आयुष्य लांबलं आहे. सरासरी आयुर्मान साठीच्या जवळ पोचलं. नोंदवहीतले जन्म आणि टिकण्याचं प्रमाण एकत्र करून २०११ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे ३७ हजार व्यक्ती असाव्यात असा अंदाज मॉरिस यांच्या गटाने काढला. जन्म स्थिर राहिले तरी माणसं वाढत जातात, कारण ती जगतात. चाळिशी-पन्नाशीत त्यांना अल्झायमरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि तेव्हा त्यांचे आईवडील सत्तरी-ऐंशीत असतात किंवा नसतात. जन्मांच्या आकड्यावर एवढा वाद घालणाऱ्यांनी या दुसऱ्या आकड्याकडे फारसं पाहिलेलं दिसत नाही. खर्चाचं आणि काळजीचं खरं ओझं तिथे आहे.

अरुंद तोंड रुंद झालं

ज्या जागेवर ही वही उभी होती ती जागाच आता सरकली आहे. १९९७ मध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी गरोदर आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए फिरत असल्याचं दाखवलं. त्यातून आलेली रक्तचाचणी सुईशिवाय खूप अचूक शक्यता सांगते. वेल्सने २०१८ मध्ये आणि इंग्लंडने २०२१ मध्ये ती सरकारी सेवेत आणली, पहिली चाळणी जास्त शक्यता दाखवेल अशा स्त्रियांसाठी. खासगी दवाखान्यांत ती आधीपासून मिळत होती.

ही चाचणीही निदान नव्हे. निकाल ‘शक्यता खूप जास्त’ असा आला, बाई म्हणाली, बस, मला गर्भजलपरीक्षा नको, बाळ ठेवायचं आहे, तर सायटोजेनेटिक्सच्या प्रयोगशाळेत जन्माआधी काहीच जाणार नाही. बाळाच्या रक्ताचा नमुना जन्मानंतर जाईल आणि जुन्या पद्धतीच्या अर्जावर ते ‘जन्मानंतरचं निदान’ म्हणून नोंदलं जाईल, जणू आईवडिलांना आधी कल्पनाच नव्हती. जन्मांची संख्या यामुळे चुकत नाही. पण ‘माहीत असूनही ठेवलं’ आणि ‘जन्मल्यावर कळलं’ हे दोन गट एकमेकांत मिसळतात, आणि २००८ चा वाद नेमका या दोन गटांच्या आकारावरच होता.

२०१५ मध्ये इंग्लंडमधली ही नोंद सर्व जन्मजात व्यंगं आणि दुर्मीळ आजार यांच्या राष्ट्रीय नोंदणीत विलीन झाली. ती प्रयोगशाळांबरोबरच प्रसूतिगृहं आणि इतर अनेक ठिकाणांहून माहिती ओढते. वेल्सची स्वतंत्र नोंदणी १९९८ पासून आहेच. म्हणजे १९८९ ची रेघ आजच्या आकड्यांपर्यंत सरळ ओढायची असेल तर आधी वेल्स वेगळा काढावा लागतो, मग मोजणीच्या बदललेल्या पद्धतीमुळे वाढलेल्या नोंदी ओळखाव्या लागतात, आणि त्यानंतर आयांचं वय पुन्हा हिशेबात घ्यावं लागतं. इंग्लंड-वेल्सच्या आलेखात २००८ च्या टोकाला आजचा इंग्लंडचा ठिपका जोडलेला दिसला, तर त्या दोन ठिपक्यांमधल्या रेघेत काय काय लपलं असेल ते आधी विचारावं.